बही वाचता येणारे वकील हवेत

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

इंदूरच्या व्यापारी घरांतून डॉक्टर निघतात, सी.ए. निघतात, वकील मात्र माझ्या पाहण्यात फार थोडे. त्यातून पंधरा-वीस वर्षं धंदा केलेल्या माणसाने काळा कोट चढवला, की लोक हळूच विचारतात, "धंदा बसला का?" मला आजही विचारतात. त्याचं उत्तर चारचौघांत द्यावं म्हणून हे पत्र.

सांवेर रोडवर आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा कारखाना आहे. नमकीनवाले आणि पीथमपूरचे औषध कारखाने ही आमची गिऱ्हाइकं. हिशेब आणि वसुली माझ्याकडे होती. धंदा तेव्हाही चांगला होता, आजही आहे. थकलेल्या पैशांसाठी कोर्टात जाऊ लागले, तेव्हा एक गोष्ट सारखी खटकायची. आमच्या फाइलमधला सगळ्यात बोलका कागद, म्हणजे बहीतला खातेउतारा, कोणी उघडूनच पाहत नसे. कायदा जाणणारे होते, पण खातं कसं वाचायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

आता वकील म्हणून अशाच एका छोट्या कारखानदाराचा दावा माझ्याकडे आला. समोरचा म्हणे, माल मिळालाच नाही. बिल्टीवरची, म्हणजे ट्रकवाल्याच्या माल-पावतीवरची सही पुसट. पण ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना होता, आणि माल हाती आल्याशिवाय जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही हे वसुली केलेल्या कुणालाही ठाऊक असतं. समोरच्याची जीएसटी रिटर्न कोर्टापुढे मागवण्याचा अर्ज दिला. त्याच बिलांवर क्रेडिट घेतलेलं निघालं. शिवाय पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर ते क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. हे दोन मुद्दे मांडल्यावर समोरून तडजोडीची भाषा सुरू झाली.

मला जास्त काळजी मुदतीची वाटते. आपल्याकडे उधारी नात्यावर चालते, आणि मला ते आवडतं. पण कायद्याची घड्याळं त्या नात्यासाठी थांबत नाहीत. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं. तगाद्याचे कितीही फोन केले तरी ती वाढत नाही. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून बाकी कबूल केली, तर वाढते. दिवाळीला पार्टीकडून बाकीच्या कागदावर सही घेण्याची जुन्या मुनिमांची रीत किती शहाणपणाची होती! चेक परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग पैसे द्यायला १५ दिवस, आणि तेही गेले की महिन्याभरात चेक न वटल्याबद्दलची कलम १३८ची फौजदारी तक्रार. "पुढच्या आठवड्यात देतो" एवढ्या आश्वासनावर ही मुदत निघून गेलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना तर २००६च्या कायद्याने मोठं हत्यार दिलंय: करारात काहीही लिहिलेलं असो, ४५ दिवसांच्या आत पैसे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, माल देण्याआधीच करून ठेवा. आणि भागीदारी फर्म नोंदवून घ्या. नोंदणी नसलेल्या फर्मला करारातले पैसे मागण्यासाठी गिऱ्हाइकावर दावाच लावता येत नाही.

हे सगळं दुकानाच्या गादीवर बसलेल्या माणसाला सांगायला त्याच गादीवरून आलेला वकील लागतो. म्हणून माझं म्हणणं, ज्यांना ओढ आहे त्यांनी या मार्गाने जरूर यावं. वयाची धास्ती नको. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला घातलेल्या तीस वर्षांच्या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्थगिती दिली. पदवीनंतर जबलपूरच्या राज्य बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा, एवढंच.

किंमत मात्र आधी समजून घ्या. सनद घेतलेल्याला स्वतः धंदा करता येत नाही. निष्क्रिय भागीदार राहता येतं, वारशाने आलेल्या धंद्यात हिस्सा ठेवता येतो, पण कारभारात हात घालता येत नाही. मी बँकेतल्या सह्या काढून घेतल्या आणि कारखाना पूर्णपणे दिरांकडे सोपवला. ते सोपं गेलं नाही. कागदाच्या रिळांचा भाव आज काय निघाला, हे संध्याकाळी अजूनही विचारावंसं वाटतं. पण नियम मला पटतो. आपल्याच गिऱ्हाइकाचा स्पर्धक उद्या अशील म्हणून आला, तर त्याने माझ्यावर भरवसा का ठेवावा?

शेवटी शहरातल्या ज्येष्ठ वकिलांना विनंती. चाळिशी उलटलेला ज्युनिअर ठेवायला बरेच जण कचरतात, त्याला काम सांगायचं कसं असं त्यांना वाटतं. कृपा करून असं करू नका. त्याला तारखा घ्यायला जरूर पाठवा, पण पहिल्या महिन्यापासून व्यापारी दाव्यांची खाती, बिलं आणि नोटिसा त्याच्या हाती द्या. दावा दाखल करण्याआधीची मध्यस्थी आता, तातडीचा आदेश मागायचा नसेल तर, व्यापारी वादांत सक्तीची आहे. तिथे दोन व्यापाऱ्यांची भाषा समजणारा माणूस तुमच्या शेजारी बसलेला असू द्या.

आपली,
एक वकील, सुदामानगर, इंदूर