एस्टोनियाचं ई-रेसिडेन्सी कार्ड म्हणजे युरोपचा व्हिसा नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची कऱ्हाडची, २०१८ पासून एस्टोनियात टॅलिनला राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. तुमचा पेपर रोज सकाळी ट्राममध्ये मोबाईलवर वाचते पण पत्र पहिल्यांदाच लिहितेय, आणि त्याला कारण माझ्या बहिणीचा मुलगा. गेल्या महिन्यात रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला, तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, मला वाटलं घरी कुणाला काही झालं की काय. पोरगं हसत होतं, हातात कार्ड. म्हणाला, "मावशी, एस्टोनियाची रेसिडेन्सी आली बघ, आता तिकीट कधीचं काढू?"

ते ई-रेसिडेन्सीचं कार्ड होतं. त्यासाठी हा दिल्लीला वकिलातीत जाऊन बोटांचे ठसे देऊन आलेला, आणि एका एजंटला सगळं मिळून १ लाख ७० हजार रुपये दिलेले. सरकारी फी शे-दीडशे युरोच्या घरात असते. अर्ज आपला आपण घरबसल्या करता येतो. एजंटने त्याला सांगितलं होतं की कार्ड आलं की युरोपात राहायचं, काम करायचं, सहा महिन्यात बायकोला पण नेता येईल. मी जेव्हा सांगितलं की बाळा या कार्डावर तुला इथल्या विमानतळाच्या बाहेर पण येता येणार नाही, तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. नंतर फोन बहिणीने घेतला.

त्यानंतर मी ओळखीत विचारलं तर अशी अजून तीन मुलं निघाली, म्हणून म्हटलं की हे सगळ्यांना कळायला पाहिजे. ई-रेसिडेन्सी म्हणजे एस्टोनियाचं सरकार परदेशातल्या माणसाला देतं ती डिजिटल ओळख. २०१४ च्या डिसेंबरला ही सुरू झाली, आतापर्यंत एक लाखावर लोकांनी घेतली. त्या कार्डाने तुम्ही कुठेही बसून एस्टोनियात कंपनी काढू शकता, करारावर डिजिटल सही करू शकता, कंपनीचा कर भरू शकता. बस्स. राहायचा हक्क नाही, नागरिकत्व नाही, नोकरीचा परवाना नाही, व्हिसा पण नाही, आणि हे सरकारच्या वेबसाईटवर स्वच्छ लिहिलेलं आहे. एजंटने मुलाला तेवढं पान दाखवलं नाही.

आता प्रश्न पडेल की मग या देशाने हे काढलं कशाला. देश केवढासा आहे बघा, लोकसंख्या चौदा लाखाच्या आत, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या एकट्या नाशिक शहरापेक्षा कमी. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढं आणि त्यातलं निम्मं जंगल. १९९१ ला सोव्हिएत युनियनमधून सुटले तेव्हा हातात काही नव्हतं, माझ्या ऑफिसमधल्या वयस्कर बाई सांगतात की त्या हिवाळ्यात दुकानात रांगेत उभं राहून पण ब्रेड मिळेल याची खात्री नसायची. १९९२ ला स्वतःचं चलन आणलं, क्रून, आणि ते जर्मन मार्कशी बांधून टाकलं, आठ क्रूनला एक मार्क. त्याच वर्षी मार्ट लार पंतप्रधान झाले, वय ३२. तेल नाही, मोठी बाजारपेठ नाही, शेजारी रशिया. मग १९९६ ला टायगर लीप नावाचा कार्यक्रम जाहीर केला, इकडच्या भाषेत टीग्रीह्युपे, म्हणजे वाघाची झेप, आणि काही वर्षातच सगळ्या शाळांमध्ये कॉम्प्युटर आणि इंटरनेट पोचवलं. त्या काळात घरोघरी फोन पण नव्हते. माझे आजचे टीम लीडर त्या शाळांमधून निघालेत, त्यांच्याशी बोलताना मला आमच्या शाळेतली कॉम्प्युटर लॅब आठवते जिच्या दाराला कायम कुलूप असायचं, आणि खरं सांगते, अजून वाईट वाटतं.

पुढचं तुम्हाला माहितीच असेल, २००३ ला स्काईप आलं. धंद्याचं डोकं एका स्वीडिश आणि एका डॅनिश माणसाचं पण ते प्रत्यक्षात बनवलं टॅलिनमधल्या पोरांनी. २००५ ला ईबेने २.६ अब्ज डॉलरला घेतलं, २०११ ला मायक्रोसॉफ्टने ८.५ अब्जाला. २०२५ च्या मे महिन्यात स्काईप बंद झालं, पण त्यात काम केलेल्या लोकांच्या हातात जो पैसा आणि जो अनुभव आला तो इथेच फिरत राहिला. स्काईपचे पहिले कर्मचारी तावेत हिनरिकुस लंडनला राहायचे आणि पगार युरोत मिळायचा, त्यांचे मित्र क्रिस्टो केरमान यांना पगार पाउंडात आणि घराचे हप्ते मात्र एस्टोनियात. दोघांनी बँकेला कमिशन देण्याऐवजी आपसातच पैसे अदलाबदल करायला सुरुवात केली, त्यातून २०११ ला वाईज कंपनी निघाली. मी आईला दर महिन्याला पैसे पाठवते ते त्याच ॲपवरून. स्काईपवालेच आहती हाइनला यांनी पुढे स्टारशिप काढली, सहा चाकांचे डिलिव्हरीचे छोटे रोबोट. ते आमच्या मुस्तामाए भागात फुटपाथवरून किराणा घेऊन जात असतात, जानेवारीत बर्फात रुतले की येणारा जाणारा माणूस वाकून एक धक्का देतो आणि आपल्या वाटेने जातो, माझी मुलगी तर थांबून वाटच बघते कुठला अडकतोय का. आणि बोल्ट टॅक्सीवाले मार्कुस विल्लिग यांनी २०१३ ला कंपनी काढली तेव्हा ते १९ वर्षांचे होते.

परदेशी पैसा इथे येतो तो कर कमी म्हणून, असं आपल्याकडे सरसकट लिहिलं जातं. भाच्याच्या एजंटने पण 'टॅक्स फ्री कंट्री' असंच सांगितलेलं. ते अर्धवट आहे. २००० सालापासून इथे नियम असा की कंपनीचा नफा कंपनीतच ठेवला, माणसं घ्यायला, मशीन घ्यायला परत घातला, तर त्यावर कंपनी कर शून्य. मालकाने डिव्हिडंड काढला की त्या वेळी कर, २०२४ पर्यंत २० टक्के होता, २०२५ पासून २२. आणि पगार द्यायचा तर मालकाला पगाराच्या वर ३३ टक्के सोशल टॅक्स (पेन्शन आणि आरोग्य विम्यासाठीचा) वेगळा भरावा लागतो, हे कुठल्याच जाहिरातीत येत नाही. व्हॅट जुलै २०२५ पासून २४ टक्के आहे. स्वस्त देश नाही हो हा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये महागाई २५ टक्क्यांपर्यंत गेली होती, त्या हिवाळ्यात आम्ही घरात स्वेटर घालून बसायचो. पुढच्या वर्षी अर्थव्यवस्था पण आकसली.

मग लोक येतात कशासाठी, तर माझ्या मते इथे नियम काय आहे आणि आपला कागद कुणाच्या हातात आहे हे आधीच कळतं यासाठी. मी अर्थतज्ज्ञ नाही पण सात-आठ वर्षं रोज वापरून बघितलंय. माझा इन्कम टॅक्सचा फॉर्म भरलेलाच येतो, पगार वगैरे सगळं आधीच त्यात असतं, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहा उकळेपर्यंत वाचते, पिन टाकते, सही झाली. २००१ पासून एक्स-रोड नावाची व्यवस्था आहे, ज्याने सगळ्या सरकारी खात्यांचा डेटा आपापल्या जागीच राहतो आणि लागेल तेवढाच एकमेकांना विचारला जातो, एका खात्याला दिलेली माहिती दुसरं खातं परत मागत नाही. आणि मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट ही की माझी माहिती कोणत्या खात्याने कधी उघडली ते मी लॉगिन करून बघू शकते. पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा एकाखाली एक ओळी होत्या, तारीख, वेळ, आरोग्य विमा निधी, लोकसंख्या नोंदणी. मी कितीतरी वेळ ते नुसतं बघत बसले. आपल्याकडे सातबारा काढायला तलाठ्याच्या मागे फिरलेल्या माझ्या वडिलांना ते पान दाखवायला हवं होतं असं फार वाटलं, ते आता नाहीत.

चुका इथे पण होतात. २०१७ ला ओळखपत्राच्या चिपमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली, जवळजवळ साडेसात लाख कार्डं, म्हणजे निम्म्या देशाचा प्रश्न. सरकारने दडवलं नाही, पंतप्रधानांनी स्वतः पत्रकार परिषदेत सांगितलं, नोव्हेंबरमध्ये त्या कार्डांची डिजिटल सर्टिफिकेटं (ज्यावर ऑनलाइन ओळख पटते आणि सही होते) थांबवली आणि लोकांनी घरबसल्या नवीन करून घेतली. त्याच्या आधी २००७ च्या एप्रिलमध्ये एक सोव्हिएत काळातला पुतळा हलवण्यावरून दंगल झाली आणि पाठोपाठ बँका, वर्तमानपत्रं, सरकारी साइट्सवर मोठा सायबर हल्ला झाला. पुढच्या वर्षी नाटोचं सायबर संरक्षण केंद्र टॅलिनमध्ये आलं, आणि आता तर देशाच्या महत्त्वाच्या डेटाची प्रत लक्झेंबर्गमध्ये ठेवलेली असते, उद्या देशावर काही आलं तरी सरकार चालू राहावं म्हणून. असं जपणाऱ्या जागी माणूस पैसा ठेवायला तयार होतो.

आणि जिथे जपलं नाही तिथे फटका पण तसाच बसला. डान्स्के या डेन्मार्कच्या बँकेच्या टॅलिन शाखेतून २००७ ते २०१५ मध्ये परदेशी ग्राहकांचे जवळजवळ २०० अब्ज युरो फिरले, त्यातला बराच पैसा संशयास्पद होता, हा आकडा या देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या कितीतरी पट. २०१८ ला सगळं बाहेर आलं, बँकेच्या प्रमुखाने राजीनामा दिला, २०१९ ला ती शाखा बंद करायला लावली. तेव्हापासून इथल्या बँका परदेशी माणसाचं खातं उघडताना फार खोलात जाऊन विचारतात, तुमचा एस्टोनियाशी संबंध काय, ग्राहक कुठले, पैसा कुठून येणार. म्हणजे माझ्या भाच्याने उद्या कंपनी काढलीच तरी बँकेत खातं मिळेलच असं नाही. एजंटने हे पण सांगितलेलं नाही.

रशियाची भीती आहे का असं मला तिकडचे सगळे विचारतात. आहे. मी मागच्या शरदात नार्व्हाला गेले होते, नदीच्या या काठावर आपण उभे आणि पलीकडे रशियाचा इव्हानगोरोद किल्ला, मधे पूल. २०२४ च्या फेब्रुवारीपासून त्या पुलावरून गाड्या जात नाहीत, लोक पिशव्या घेऊन पायी रांगेत उभे असतात. त्याच गावात २०२५ च्या सप्टेंबरला निओ या कॅनडाच्या कंपनीने इलेक्ट्रिक गाड्या आणि पवनचक्क्यांना लागणारे चुंबक बनवायचा कारखाना सुरू केला, युरोपियन युनियनचा पैसा पण त्यात आहे. शेजारच्या सिल्लामाएला दुर्मिळ खनिजं शुद्ध करायचा जुना कारखाना त्यांच्याकडे आधीपासून होता, काम येणारी माणसं होती, म्हणून ते सरहद्दीवर असून पण तिथे गेले. मला हे बघून या देशाबद्दल आदर वाटला.

आता आपल्या मुलांसाठी. ज्यांचे खरोखर युरोपात क्लायंट आहेत, डिझाइन, कोडिंग, भाषांतर असं काम करून युरोत बिल पाठवायचंय, त्यांना ई-रेसिडेन्सी उपयोगाची आहे, जरूर घ्या, पण एजंटशिवाय. कार्ड घेण्याआधी एखाद्या चांगल्या सीएकडे जा, कारण भारतात राहून परदेशात कंपनी काढायची तर रिझर्व्ह बँकेचे नियम लागू होतात, आणि तिथून मिळालेला पगार, डिव्हिडंड भारताच्या रिटर्नमध्ये दाखवावाच लागतो. इथे कंपनीचा पत्ता आणि संपर्काचा माणूस ठेवावा लागतो त्याचे दरवर्षी पैसे जातात, वार्षिक अहवाल द्यावा लागतो, कंपनीत एक रुपयाची उलाढाल झाली नाही तरी. ज्यांना इथे येऊनच राहायचंय त्यांचे रस्ते वेगळे आहेत, नोकरी मिळवून येणं, शिकायला येणं (टार्टूचं विद्यापीठ १६३२ सालचं आहे, टॅलिनचं तंत्रज्ञान विद्यापीठ आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं), किंवा स्वतःची नवीन कल्पना असेल तर २०१७ पासून सुरू असलेला स्टार्टअप व्हिसा. यातला कुठलाच रस्ता १ लाख ७० हजार देऊन सहा महिन्यात होत नाही.

भाच्याचे पैसे अजून मिळालेले नाहीत. एजंट म्हणतो आम्ही कार्ड देतो म्हणालो होतो, दिलं. पावती फक्त ३० हजाराची आहे. बहिणीने पोलिसात अर्ज दिलाय. तुमच्या वाचकांपैकी आणखी कुणाचे असे पैसे गेले असतील तर त्यांनी पण गप्प न बसता आपापल्या पोलीस ठाण्यात तक्रार करावी, आणि तुमच्या बातमीदाराने एकदा या एजंट लोकांच्या जाहिराती गोळा करून बघाव्यात अशी माझी हात जोडून विनंती आहे. इथली काय माहिती लागेल ती मी द्यायला तयार आहे.

आपली,
एक वाचक, टॅलिन (मूळ गाव कऱ्हाड)