धनाचा हंडा आणि कपड्यांची फळी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परीकथांचा उबग आलेल्या माणसाने आयरिश लोककथांच्या वाटेला कसे जावे, असे तू विचारले आहेस. जेम्स स्टीफन्स यांची १९१२ साली प्रसिद्ध झालेली ‘द क्रॉक ऑफ गोल्ड’ ही कादंबरी वाच, आणि तीही तिच्यातल्या भांडणांसाठी वाच.

भांडणाचे मूळ अगदीच क्षुल्लक आहे. मीहॉल नावाच्या शेतकऱ्याच्या मांजरीने एक रॉबिन पक्षी मारला. तो लेप्रकॉन या बुटक्या मंडळींचा लाडका, म्हणून त्यांनी शेतकऱ्याच्या बायकोची कपडे घासायची फळी पळवली. शेतकरी रानातल्या तत्त्वज्ञाकडे सल्ला मागायला जातो, तर हे महाशय आधी धुण्यावरच प्रवचन झोडतात: माणसाला जगात येताना अंघोळ घालतात आणि जातानाही घालतात, पण पहिलीचा त्याला आनंद नसतो आणि शेवटचीचा उपयोग नसतो! मग सल्ला मिळतो, की काटेरी झुडपाखाली पुरलेला लेप्रकॉनांचा सोन्याचा हंडा उचलून आण. हा हंडा त्यांच्या चैनीसाठी नसतो. माणसाच्या तावडीत सापडल्यास सुटकेसाठी मोजायची ती खंडणी असते, त्यामुळे तो गेला की सगळी जमातच उघड्यावर पडते.

यावर लेप्रकॉन जादूटोणा करतील असे तुला वाटेल. ते पोलिसांना कळवतात, की तत्त्वज्ञाच्या घरात चुलीपुढच्या दगडाखाली दोन प्रेते पुरलेली आहेत. गंमत अशी, की तक्रार खोटी नाही. घरातल्या दुसऱ्या तत्त्वज्ञाने, आता शिकण्यासारखे काही उरले नाही असे ठरवून, स्वतःभोवती गरगर फिरत प्राण सोडलेला असतो आणि त्याची बायकोही त्याच मार्गाने गेलेली असते. स्टीफन्सचा विनोद मला आवडतो तो यासाठीच: लोककथेतले नियम तो जसेच्या तसे पाळतो आणि त्या नियमांवर बोट ठेवून भांडणारी माणसे व बुटके यांना एकाच पंक्तीला बसवतो.

मधला भाग मात्र मला जड वाटला. ग्रीक देव पॅन आणि आयरिश देव अँगस ओग यांच्यात मीहॉलच्या मुलीवरून जी चढाओढ लागते, तिच्यात पात्रे बोलतात कमी आणि सिद्धांत मांडतात जास्त. स्त्रीपुरुषांविषयीची काही विधाने तर आज वाचवत नाहीत. तो भाग भरभर वाचलास तरी चालेल.

त्या तक्रारीपायी तत्त्वज्ञ तुरुंगात जातो, ते प्रकरण मात्र सावकाश वाच. तिथे अंधाऱ्या कोठडीत दोन कैदी आपापली हकीकत सांगतात. तिच्यात परी नाही, विनोद नाही. आजारपण, गेलेली नोकरी आणि घरी वाट पाहणारी माणसे, एवढेच आहे. स्टीफन्स स्वतः डब्लिनमध्ये वकिलाच्या कचेरीत कारकून होता, त्यामुळे ही पाने ऐकीव वाटत नाहीत. त्यानंतर परींची फौज तत्त्वज्ञाला सोडवायला डब्लिनकडे निघते, तेव्हा त्या दोघांचे काय होणार, हा प्रश्न मनात राहतोच. याबाबत तुझे मत मला हवे आहे, कारण लेखकाने तिथे हात आखडता घेतला असे माझे म्हणणे आहे.

तुझा,
अनिरुद्ध