बाबा, चष्म्याला सुपरग्लू लावू नका

ती. आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

मुद्द्याचं आधीच सांगते, नाहीतर बाबा शेवटचं पान आधी उलटून बघतात. पुढच्या आठवड्यात बाबांच्या डोळ्यांची तपासणी ठरवून टाकली आहे आणि चष्मा नवा होणार आहे. एक नाही, दोन. विचारलं नाही, कारण "अजून चालतोय की" हेच उत्तर आलं असतं.

बाबा, चालत नाहीये. व्हिडिओ कॉलवर बोलताना उजव्या दांडीला गुंडाळलेला दोरा मला दिसला, आणि वाचताना तुम्ही हनुवटी उचलता तेही. तुमच्या प्रोग्रेसिव्ह काचेत लांबचा, मधला आणि जवळचा नंबर वरून खाली उतरत जातो, आणि ती काच बसवताना तुमच्या बाहुलीची उंची मोजलेली असते. फ्रेम एका बाजूनं दोन-तीन मिलिमीटर उतरली तरी डोळा भलत्याच जागेतून बघतो. शिवाय तुमच्या नंबरात सिलिंडर आहे, म्हणजे एका ठराविक दिशेतच काम करणारा नंबर. चष्मा तिरका झाला की त्याचा अक्षही तिरका होतो. मग मान अवघडते, डोकं जड होतं आणि तुम्ही झोपेला दोष देता.

"काचा चांगल्या आहेत, नुसती फ्रेम बदलू" हेही मी विचारून पाहिलं, खरंच. काच त्या त्या फ्रेमच्या आकाराला घासलेली असते. दुसरीत ती बसेलच असं नाही, आणि आणखी घासून बसवली तरी बाहुलीची मापं जुळतीलच असं नाही. त्यात नंबरही जुना. दुसरी जोडी कशाला, असं आई विचारेल. तर पुन्हा कधी असा प्रसंग आला तर दोऱ्यावर दिवस काढायला नकोत, म्हणून. आणि जुनी फ्रेम कुठेही जाणार नाही. ती कुणी दिली होती हे मला माहीत आहे. तिच्याच डबीत, तिच्याच जागी राहील.

खरं तर मीच यायला हवं होतं. या महिन्यात निघणं जमत नाहीये, आणि ते मनाला लागून राहिलंय. तपासणीला दादा बरोबर येईल, त्याच्याशी बोलले आहे. तो घाई करत नाही, तुम्हाला हवा तेवढा वेळ फ्रेमी बघू देईल. डोळ्यांत थेंब घातले तर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो, म्हणून येताना टोपी घाला आणि परत आल्यावर लगेच वाचायला बसू नका.

आता तोवरचे दिवस. आई म्हणाली, बाबा दोऱ्यावर सुपरग्लू ओतणार आहेत. बाबा, नको. सुती दोऱ्यावर तो गोंद इतक्या झपाट्यानं घट्ट होतो की तापतो, कधी धूरही येतो आणि बोट भाजतं. त्याची वाफ जवळच्या काचेवर पांढुरकी साय धरते. थेंब काचेवरच पडला तर वरचा थर गेलाच म्हणून समजा. काढायला नेलपॉलिश रिमूव्हर घेतलात तर त्यातलं ॲसिटोन प्लॅस्टिकची फ्रेम खातं, आणि काच पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची असेल तर तीही. एवढं करून बिजागरी ही हलणारी गोष्ट, आणि हा गोंद सुकला की ठिसूळ. दोन दिवसांत पुन्हा सुटेल, वर भोकात गोंद बसल्यामुळे दुकानात साधा स्क्रूही घालता येणार नाही. नानांच्या घड्याळाचं काय झालं होतं ते घरात कुणी विसरलेलं नाही.

त्यापेक्षा तुमचीच युक्ती करा. नाटकाच्या आदल्या रात्री माझा चष्मा निखळला होता, आणि तुम्ही काडेपेटीतली काडी ब्लेडनं तासून बिजागरीत बसवली होती. वर तिला काळी शाई लावलीत, म्हणजे कुणाला दिसू नये. मी रडत होते आणि तुम्ही काडी तासता तासता माझी वाक्यं म्हणून घेत होतात. स्टेजवर काडी हललीसुद्धा नाही. आता तुम्हाला मी हे शिकवायचं म्हणजे गंमतच आहे.

पण आधी बिजागरीतून पडलेला स्क्रू शोधा. खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीवर आडवा धरला की एवढ्याशा स्क्रूचीही लांब सावली पडते. खाली वाकायचं काम आईनं करायचं नाही, तुमच्या गुडघ्यांनीही नाही. समोरच्यांच्या मुलाला बोलवा. सापडला तर चष्मा टॉवेलवर ठेवून दोन्ही भोकं एका रेषेत आणा आणि शिवणयंत्राच्या छोट्या स्क्रूड्रायव्हरनं पिळा. अडला की थांबा, जोर करू नका. नाही सापडला तर लाकडी टूथपिक भोकात घट्ट जाईल तेवढी दाबा आणि दोन्ही टोकं नेलकटरनं सपाट कापा. टाचणी किंवा सेफ्टी पिन नको. टोक डोळ्याजवळ येतं, ते मला विचारातही सहन होत नाही. वायरीतली तांब्याची बारीक तार चालेल, फक्त टोकं बाहेरच्या बाजूला वळवून वर चिकटपट्टी लावा, नाहीतर कानशील खरवडेल. दांडी पुन्हा पुन्हा मिटू नका, आणि चष्मा दोन्ही हातांनी काढा-घाला. वाकडी वाटली तरी गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात धरायची नाही. काचेवरच्या थराला तडे जातात.

आई, तुझ्या चष्म्याचं नोजपॅड पडलंय ना? उघड्या तारेला कापडी मेडिकल पट्टीची छोटी गुंडाळी कर, म्हणजे नाकाला रुतणार नाही. तुझीही तपासणी त्याच दिवशी. हो, ठरलंय.

असा जुगाड केलेला चष्मा घालून बाबांनी स्कूटर काढायची नाही, कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही. जिना उतरताना मान खाली घालून काचेच्या वरच्या भागातून पायरी बघा, खालच्या भागातून ती धूसर दिसते. आणि कठडा धराच. खुर्चीजवळ डाव्या खांद्यामागून येईल असा दिवा ठेवा, रात्री बाथरूमच्या वाटेवरचा दिवा चालू राहू दे. फोनवरची अक्षरं दादा मोठी करून देईल. पेपर थोडे दिवस आईनं वाचून दाखवावा. तिला अग्रलेख कंटाळवाणे वाटतात, तेव्हा बाबांनी चिडायचं नाही.

आई, ती सुपरग्लूची ट्यूब माझ्या जुन्या वह्यांच्या खोक्यात ठेव. तिथे ते कधी बघत नाहीत. बाबा, एवढं वाक्य तुम्ही वाचू नका.

तुमची,
बबडी