शतपावली पंधरा मिनिटांची हवी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मधुमेहाचा रुग्ण दवाखान्यातून निघताना त्याला ‘रोज चालत जा’ असे सांगण्याची पद्धत आता सगळीकडे रूढ झाली आहे. गोळी किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की जेवणानंतर, हे सारे चिठ्ठीवर लिहून मिळते. चालण्याबद्दल मात्र एवढ्या एका वाक्यापलीकडे काहीच हाती पडत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात २७ वर्षे आरोग्यसेविका म्हणून काम केल्यावर आणि घरात यजमानांचा मधुमेह १४ वर्षे सांभाळल्यावर माझे मत असे झाले आहे की, व्यायामाचीही मात्रा, वेळ आणि पथ्ये ठरवून ती रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत लिहून दिली पाहिजेत.

वेळेचेच घ्या. व्यायाम म्हणजे पहाटेचे फिरणे, असे आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की ज्यांना पहाटे बाहेर पडणे जमत नाही, ते व्यायामाचा नादच सोडून देतात. वास्तविक जेवणानंतर शतपावली घालण्याची चाल आपल्या घरांत जुनीच आहे. फक्त ती शब्दशः शंभर पावलांची राहिली, तर मध्यम गतीने चालणाऱ्या माणसाची एका मिनिटात संपते. हीच शतपावली दहा-पंधरा मिनिटांची केली की तिचे औषध होते. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टाइप दोन मधुमेहाच्या ४१ रुग्णांना काही दिवस रोज सोयीच्या वेळी सलग ३० मिनिटे आणि काही दिवस तिन्ही जेवणांनंतर १०-१० मिनिटे चालायला सांगितले होते. एकूण वेळ सारखाच असूनही जेवणानंतर चालण्याच्या दिवसांत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतरचा फरक तर २२ टक्के होता. आमच्या भागात रात्री नऊ-साडेनऊला ताटात भात असतो आणि जेवण झाले की माणूस टीव्हीसमोरून थेट अंथरुणावर जातो, हे ध्यानात घेतले तर ही रात्रीची पंधरा मिनिटे किती मोलाची आहेत ते कळेल.

यामागचे कारणही समजण्यासारखे आहे. एरवी रक्तातली साखर स्नायूंत शिरायला इन्सुलिनचा हात लागतो आणि टाइप दोन मधुमेहात नेमका तोच हात दुबळा पडलेला असतो. पण स्नायू काम करू लागला की साखर आत घेणारी प्रथिने इन्सुलिनची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढली जाते. शिवाय व्यायाम थांबल्यावरही स्नायू एक-दोन दिवस इन्सुलिनला अधिक चांगली दाद देत राहतात. आठवड्याला किमान १५० मिनिटे चाला आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नका, असे जे सांगितले जाते त्याचा आधार हाच आहे. रविवारी एकदाच दोन तास चालून आठवडाभराची भरपाई होत नाही.

आमच्या वडगाव, शहापूर, खासबाग भागातल्या यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाला हे पटवणे कठीण जाते. ‘पाळीभर उभाच असतो की मी, आणखी कसला व्यायाम?’ हा प्रश्न मी घरीच कितीतरी वर्षे ऐकला. बसून राहण्यापेक्षा उभे राहणे बरे हे खरे, पण मागाशेजारी उभे राहून पाय दुखले, तरी श्वास जलद होत नाही आणि मांड्यांच्या मोठ्या स्नायूंना सलग कामही मिळत नाही. शेतकऱ्यांचीही तीच समजूत आहे. बैलामागून चालत नांगरणारी पिढी वेगळी होती. आज नांगरट ट्रॅक्टरने होते आणि शिवारात जाणे-येणे दुचाकीवरून. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या गतीने चालणे, ही मध्यम व्यायामाची साधी खूण मी सर्वांना सांगत असे, आणि ती लोकांच्या लक्षात राहत असे.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहावेसे वाटले ती सांगते. तीन वर्षांपूर्वी एका श्रावणी सोमवारी यजमानांनी नेहमीप्रमाणे सकाळची गोळी घेतली आणि उपवास असल्यामुळे काहीही न खाता ते येळ्ळूर रस्त्याने फिरायला निघाले. अर्ध्या वाटेत त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि आपण कोठे आहोत हेही त्यांना नीट उमगेना. दूध घालून परतणाऱ्या एका तरुणाने त्यांना जवळच्या दवाखान्यात पोहोचवले. तिथे मोजली तेव्हा साखर ५८ निघाली. साखरपाणी दिल्यावर ते सावध झाले. त्यांची गोळी ग्लिमेपिराइडची होती, म्हणजे पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन स्रवायला लावणारी. अशी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी चालायला जाऊ नये, हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते. ज्या बाईने जन्मभर लोकांच्या दारात जाऊन आरोग्याच्या गोष्टी सांगितल्या, तिच्या घरात हे घडले, याचे दुःख मला आजही आहे.

म्हणून थोडे खुलाशाने लिहिते. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फारच कमी असतो. मात्र ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी शक्य असेल तर साखर मोजावी, ती ९० च्या खाली असेल तर आधी एखादी पोळी किंवा केळे खावे, आणि खिशात साखरेची वा ग्लुकोजची पुडी कायम ठेवावी. घाम, थरथर, घाबरेपणा, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवले की तिथेच थांबून तीन चमचे साखर खावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि साखर ७० च्या वर आलेली नसेल तर पुन्हा तेवढीच घ्यावी. व्यायामाचा परिणाम काही तास टिकत असल्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्याने संध्याकाळी जास्त श्रम झालेल्या दिवशी झोपण्यापूर्वीही साखर पाहणे बरे. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. आपल्या मनाने ती बंद करू नये.

पायांबद्दलही सांगितलेच पाहिजे. नवरात्रात अनवाणी राहण्याचा नेम अनेक घरांत पाळला जातो. श्रद्धेबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला खडा रुतलेला कळत नाही आणि त्या जखमेने पुढे बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा गंभीर परिणाम झाला आहे, त्यांनी जड वजन उचलण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

बायकांची अडचण निराळी आहे. रात्रीची भांडी, ओटा, उद्याची तयारी यांतून त्या मोकळ्या होतात तेव्हा दहा वाजलेले असतात आणि त्या वेळी एकटीने रस्त्यावर जाणे बहुतेकींना नको वाटते. त्यांनी सोप्यात किंवा गच्चीवर येरझाऱ्या घातल्या तरी स्नायूंना त्याचा लाभ तेवढाच मिळतो. खानापूरकडच्या पावसात चार महिने पुरुषांनाही हाच मार्ग उरतो. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठणे-बसणे आणि भिंतीला हात लावून जोर काढणे एवढे केले तरी स्नायू राखले जातात. उतारवयात ते झिजले की साखर सामावणारी जागाच कमी होते.

माझी विनंती दोन प्रकारची आहे. इकडच्या डॉक्टरांनी आणि आरोग्य केंद्रांनी गोळ्यांच्या चिठ्ठीसोबत व्यायामाचीही अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यावी आणि ती कन्नडबरोबर मराठीतही असावी, कारण येथील साठी ओलांडलेल्या असंख्य स्त्री-पुरुषांचे शिक्षण मराठी शाळांत झाले आहे आणि औषधाची सूचना अर्धवट कळणे किती महागात पडते ते मी पाहिले आहे. दुसरी विनंती गल्लीबोळांतल्या दिव्यांची आणि भटक्या कुत्र्यांची व्यवस्था ज्यांच्याकडे आहे त्यांना: रात्री नऊ ते दहा या वेळेत म्हाताऱ्या माणसांना निर्धास्तपणे पंधरा मिनिटे चालता येईल एवढी सोय करावी. आमच्या गल्लीच्या टोकाचा दिवा बंद असला की यजमान मारुतीच्या देवळापर्यंत न जाता अर्ध्यावरूनच परत फिरतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका
वडगाव, बेळगाव