पबचं माप

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या पुणे पुरवणीत 'पब संस्कृती' हा शब्द मी चार वेळा वाचला. चारही वेळा बातमी होती ती मध्यरात्रीनंतरच्या डीजेची, नाहीतर रस्त्यावरच्या मारामारीची. त्या प्रकारांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. तक्रार शब्दाविषयी आहे. मी वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो. किलोच्या वजनात आठशे ग्रॅम निघाले की माझं जे व्हायचं, तेच हा शब्द वाचून होतं.

गेल्या जुलैत आम्ही दोघं मुलीकडे इंग्लंडला होतो. ती चेल्टनहॅमला असते. एका शनिवारी जावयांनी आम्हाला जवळच्या कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागातल्या एका खेड्यातल्या पबमध्ये जेवायला नेलं. मधाच्या रंगाच्या दगडाची बैठी इमारत, बाहेर पाटीवर रंगवलेला नांगर, कारण पबचं नावच 'द प्लाऊ'. आत तुळया इतक्या खाली की जावई वाकून चालत होते. (मला वाकावं लागलं नाही.) विझलेल्या शेकोटीपाशी एक आजोबा, त्यांच्या पायाशी ओला कुत्रा, खिडकीत शब्दकोडं सोडवणाऱ्या दोन बायका आणि शेजारच्या टेबलाला चिखलाच्या बुटांनिशी आलेलं पोराबाळांचं कुटुंब. गाणी नाहीत, टीव्ही नाही.

वेटर येतच नाही, हे कळायला दहा मिनिटं गेली. काउंटरवर जाऊन सांगायचं आणि तिथंच पैसे द्यायचे. मुलीनं सरळ विचारलं, "बाबा, तुम्ही काय घेणार?" तिच्यासमोर मी कधी ग्लास हातात धरला नव्हता. पुण्यात महिन्यातून एकदा मित्रांबरोबर परमिट रूममध्ये बसायचो. भरदुपारी आत काळोख आणि जिन्यापाशी 'फॅमिली रूम वर' अशी पाटी. म्हणजे खाली बसणाऱ्यांना घरदार नाही, हे गृहीतच. सौ.नं स्वतःसाठी लेमोनेड सांगितलं आणि मला म्हणाली, "घ्या की, कोण बघतंय." बघत तर सगळेच होते, पण कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

मी एल घेतली, म्हणजे तिकडची जुन्या पद्धतीची बिअर. काउंटरवर लाकडी मुठीचे दांडे असतात. तो आपला हापसाच! तळघरातल्या पिंपातून बिअर हापसून वर काढतात. पिंपात यीस्ट जिवंत असतं, बिअर तिथंच मुरत राहते. वरून गॅस भरत नाहीत, म्हणून पिंप एकदा सुरू केलं की तीन-चार दिवसांत संपवावं लागतं. गारवा ११ ते १३ अंशांचा, माठातल्या पाण्यासारखा. मद्यांश चार टक्क्यांच्या आसपास. मोठ्या कंपन्या ही पद्धत मोडीत काढून गॅसची बिअर गळ्यात मारू लागल्या, तेव्हा १९७१ साली तिथल्या पिणाऱ्यांनी 'कॅम्रा' नावाची संघटना काढली. आपल्या पुण्यात ग्राहक पंचायत निघाली १९७४ मध्ये. त्यांची तीन वर्षं आधी, तीही फक्त बिअरसाठी! गाळ खाली बसवायला पिंपात माशाच्या पोटातल्या फुग्यापासून केलेला पदार्थ घालायची जुनी रीत आहे, हे जावयांनी माझा अर्धा ग्लास झाल्यावर सांगितलं. आषाढ चालू होता म्हणून निभावलं.

आणि तो ग्लास. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. पिंपातली बिअर तिथं पाइंट, अर्धा, दोन तृतीयांश किंवा एक तृतीयांश पाइंट अशा ठरलेल्या मापांतच विकता येते, आणि माप ग्लासवरच छापलेलं असतं. मी सवयीनं ग्लास उजेडाकडे धरला. फेस धरून पाइंट द्यायची त्यांच्याकडे पद्धत आहे, पण निदान ९५ टक्के बिअर हवी असा त्यांच्या धंद्याचा संकेत. माझ्या ग्लासात चांगला दोन बोटं फेस होता. जावई म्हणाले, "भरून मागा, देतात." मागितला. मुलीनं मान दुसरीकडे वळवली. काउंटरवरच्या माणसानं एक शब्द न बोलता काठोकाठ भरून दिला. एकतीस वर्षांत 'माप कमी आहे' हे ऐकून इतका गप्प राहिलेला दुकानदार मला भेटला नव्हता.

जेवायला 'प्लाउमन्स लंच' घेतलं, म्हणजे नांगरणाऱ्याचं दुपारचं जेवण: चेडर चीज, जाड पाव, व्हिनेगरमधले कांदे, सफरचंदाच्या फोडी, काळपट आंबटगोड लोणचं. आपली कांदा-भाकरीच म्हणा. मात्र हे नाव फार जुनं नाही. १९५०-६० च्या दशकांत चीज खपावं म्हणून चीजवाल्यांनीच ते रूढ केलं. आपल्या हायवेवरच्या 'शेतकरी थाळी'चं ते भावंड. चीज मात्र उत्तम होतं.

खेड्यांतले असे पब तिकडेही बंद पडताहेत. २०११ च्या एका कायद्यानं गावकऱ्यांना पबची नोंद गावाच्या उपयोगाची मालमत्ता म्हणून करून घेता येते. मग मालकानं तो विकायला काढला तर बोली लावायला त्यांना सहा महिने मिळू शकतात. काही गावांनी शेअर काढून पब विकत घेतले आहेत. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणून आपल्या खेड्यांत पब काढा, असं मी मुळीच म्हणत नाही. माझं गाव पुरंदर तालुक्यातलं. तिथं बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, तेव्हा रांगेत माझी वहिनी पुढे होती. तिच्या घरात काय झालं ते मी पाहिलं आहे. विनंती फक्त आपल्या उपसंपादकांना आहे: रात्री दीडला डीजे लावणाऱ्या जागेला नाइट क्लब म्हणा, डान्स फ्लोअर म्हणा, हवं तर धिंगाणा म्हणा.

ता.क. परतताना चेल्टनहॅमच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून मुकुटाचा, म्हणजे माप तपासल्याचा सरकारी, शिक्का असलेला एक जुना पाइंट ग्लास आणला. घरी मोजपात्रानं पाणी भरून पाहिलं. ५७० मिलिलिटर भरलं. सध्या सौ. त्यात कोथिंबिरीची जुडी ठेवते.

आपला,
एक सेवानिवृत्त वजनमापे निरीक्षक
कर्वेनगर, पुणे