नानांना चालतं ठेवणाऱ्या फिजिओ ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

दवाखान्यात आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय" म्हणता आणि पुढच्या पेशंटला हाक मारता. म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं. कंपवाताची माणसं आपल्या खानदेशात गावोगाव आहेत. 'आता वय झालं, खाटेवर पडून राहा' यापलीकडे त्यांना फारसं कुणी काही सांगत नाही.

नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हाच कंपवात, म्हणजे पार्किन्सन असल्याचं कळलं तेव्हा घरात सगळ्यांचं लक्ष त्यांच्या थरथरत्या हाताकडे. गोळ्यांनी हात बराच थांबला. तोल मात्र सावरेना, आणि दारापाशी आले की पाय जागच्या जागी खिळायचे. "मना पाय जमीनले चिकटी जातस," नाना म्हणायचे. कुणी म्हणे अंगात ताकद राहिली नाही, कुणी म्हणे मनातून घाबरलेत. पायांत ताकद आहे, हे ठामपणे सांगणाऱ्या पहिल्या तुम्हीच. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडलं की एरवी आपोआप पडणारी पावलं अडतात, दारात, अरुंद जागेत, वळताना तर जास्तच. मग डोळ्यांना नाहीतर कानांना खूण द्यायची, म्हणजे माणूस लक्ष देऊन पाऊल उचलतो. हे तुम्ही नानांनाच समोर बसवून समजावलंत, त्यांना वगळून आम्हाला नाही. याचं मोल फार आहे ताई.

तुम्ही घरी आलात, तेव्हा नानांच्या आधी घर तपासलंत. उंबरठा, मोरीचं दार, ओट्याची पायरी. खाटेजवळची सतरंजी लगेच उचलायला लावलीत. मग नानांना अंगणात मोकळं चालवलंत, टाच पडेल तिथं खडूची खूण केलीत आणि त्यांच्या पावलाचं अंतर सुतळीवर मोजून तिला किंचित पुढे गाठ मारलीत. त्या मापानं माजघरापासून मोरीपर्यंत कोब्यावर आडवे पिवळे पट्टे ओढले, ऑइलपेंटचे. पेंट वाळल्यावर नाना उंबरठ्याशी उभे राहिले. तुम्ही हात धरला नाहीत, नुसत्या बाजूला थांबलात. "नाना, पट्टा ओलांडा." उजवा पाय उचलला, पट्ट्यापलीकडे टाच टेकली, मग डावा. जिजी भाकरी तव्यावर ठेवून बघतच राहिली.

फरशी गुळगुळीत असलेल्या हॉलमध्ये बरेच जण नीट चालतात, पडतात ते घरात. त्यामुळे फिजिओनं एकदा तरी पेशंटचं घर बघावं, असं मला आता मनापासून वाटतं.

कानांच्या खुणेसाठी लावलेली मोबाईलवरची टिकटिक नानांना आवडली नाही. तुम्ही ती रेटली नाहीत. तरुणपणी काय करत होता, असं विचारलंत. भजनी मंडळात टाळ धरायचो, म्हणाले. झालं! सकाळी गोळीचा असर सुरू झाला की आमचा सोनू टाळ वाजवतो आणि नाना त्या ठेक्यावर अंगणात चालतात. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणंही त्याच वेळी. वळताना टाचेवर गरकन फिरायचं नाही, बांधावर ट्रॅक्टर वळवतात तसा मोठा वळसा घ्यायचा, हे तर त्यांना एकदाच सांगावं लागलं.

आम्हा घरच्यांनाही तुम्ही शिकवलंत. पाय अडला की हात धरून ओढायचं नाही. आधी थांबायचं, श्वास घ्यायचा, भार एका पायावर न्यायचा, मग दुसरा उचलायचा. चालत असताना मागून हाक मारायची नाही, बोलण्यात गुंतवायचं नाही. गल्लीतली माणसंसुद्धा आता नाना उभे राहिल्यावरच "राम राम" करतात.

वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ बघायला नाना गेले. गर्दीत पाय अडला. सोनूनं टाळ काढायच्या आत त्यांनी स्वतःच "थांब, भार, पाऊल" म्हटलं आणि निघाले. रथाला हात जोडून आले.

तुम्ही कधी खोटी आशा दाखवली नाहीत. आजार जाणार नाही, पुढे वाढेल, तेव्हा व्यायामही बदलावा लागेल, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट बोललात. खुर्चीतून उठून 3 मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, ती चाचणी तुम्ही दर वेळी घेता आणि सेकंद वहीत लिहिता. तो आकडा कमी झाला की नानांना कापसाला भाव मिळाल्यासारखा आनंद होतो. एखाद्या वेळी वाढतो, तेव्हाही तुम्ही तो तसाच दाखवता. म्हणूनच त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे.

आमच्या गल्लीतल्या एका मावशींना लकवा होऊन गेलाय, एक पाय ओढत चालतात. त्यांचं दुखणं वेगळं, त्यांचे व्यायाम वेगळे असतील. सोमवारी त्यांना घेऊन येते. नानांची वहीही आणते.

आपली,
नानांची सून