हिंदी घेतली असती तर

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

चेन्नईतल्या रिक्षावाल्याला हिंदी येईना म्हणून चिडून परवा फोनवर म्हणालास, "सगळ्या देशाने एकदाची हिंदी घेतली असती तर कटकट मिटली असती." तुझा वैताग कळतो, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहितेय.

भाषेवरून वेगळी राज्यं करायची नेहरूंनाही धास्तीच होती. धर्मावरून नुकती फाळणी झालेली, आता भाषेवरून आणखी तुकडे नकोत, ही भीती काही खोटी नव्हती. मग तू राहतोस त्याच शहरात पोट्टी श्रीरामुलू उपोषणाला बसले. मागणी एकच, तेलुगू भाषकांचं वेगळं राज्य. ५८ दिवस काढले आणि १५ डिसेंबर १९५२ला गेले. आंध्रभर जाळपोळ झाली, माणसं मेली, आणि चार दिवसांत नेहरूंनी राज्य जाहीर केलं. चार दिवसांत देता येत होतं ना? मग माणूस मरेपर्यंत वाट कसली पाहिली, याचा मला आजही संताप येतो. आपल्याकडे तरी काय वेगळं झालं? १०६ हुतात्मे झाले, तेव्हा कुठे १९६० साली मुंबईसह महाराष्ट्र मिळाला.

पण उशिरा का होईना, दिलं. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. त्याच वर्षी श्रीलंकेने उलटं केलं: सिंहली हीच एकमेव राजभाषा, असा कायदा. तिथल्या तमिळांचं पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे. १९८३ ते २००९ युद्ध चाललं. पाकिस्तानने बंगाल्यांवर उर्दू लादायला घेतली, १९५२ साली ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या आणि १९७१ साली अर्धा देश घालवून बसले. एक भाषा करून कटकट मिटते ती अशी.

तुझ्या चेन्नईत १९६५ साली पोरं रस्त्यावर उतरली ती याच भीतीने. इंग्रजी जाऊन एकटी हिंदी राहिली तर नोकरीच्या परीक्षेत आपण मागे पडणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. काहींनी अंगावर रॉकेल ओतून घेतलं. १९६७ला तिथली काँग्रेसची सत्ता गेली ती आजतागायत परत आली नाही. त्याच वर्षी कायदा बदलून इंग्रजी ठेवली. रिक्षावाल्याच्या घरात हे सगळं बोललं जात असणार.

सगळ्यांना न्याय मिळाला असंही नाही. खिशातली नोट उलटून बघ, मागे पंधरा भाषा आहेत, त्यांत सिंधी नाही. फाळणीत सिंधी लोक कल्याणच्या लष्करी छावणीत आले, तिथे उल्हासनगर उभं केलं. पण त्यांचा प्रांतच सीमेपलीकडे राहिला, तर राज्य मागणार कुठलं? माझ्या वर्गातल्या सिंधी मैत्रिणीला आजीची पत्रं वाचता येत नसत. आजीची लिपी अरबी वळणाची, हिला फक्त देवनागरी यायची. बेळगावचं घोंगडं तर अजून भिजतच पडलंय. आणि आपल्याकडे भाषेवरून एखाद्या गरीब फेरीवाल्याच्या कानाखाली वाजवतात ना, तेव्हा हुतात्म्यांचं नाव कुणी घेतलेलं मला खपत नाही.

मायलापूरला श्रीरामुलूंचं स्मारक आहे. एखाद्या रविवारी जाऊन ये, फोटो पाठव. आणि तमिळचा क्लास लाव, फी मी भरते. निदान ‘एव्वळवु’, म्हणजे ‘किती’, विचारून भाडं ठरवता आलं तरी पुष्कळ.

तुझी,
आई